रेसकार्ड आदल्या रात्री कसं वाचायचं? (नुसती नावं नकोत, कारणं लिहा)

लगाम (धागालेखक)

"उद्याचे विनर सांगा" अशी विचारणा रेसच्या आदल्या दिवशी हमखास होते. खाली पंधरा जण पंधरा घोडे लिहून जातात. का, ते कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा पद्धतीचा: रेसकार्ड, म्हणजे दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची माहिती देणारं छापील पत्रक, कसं वाचायचं त्याचा.

पहिलं काम घोडा शोधण्याचं नाही, शर्यती गाळण्याचं आहे. दिवसाला सात-आठ शर्यती असतात आणि त्यातल्या निम्म्यांवर मत द्यायला पुरेसा मजकूरच नसतो. सगळे घोडे पहिल्यांदाच पळणार असतील तर हाती फक्त वंशावळ, ट्रेनर आणि सकाळच्या गॅलपच्या (सरावाच्या दौडीच्या) वेळा. गाळा. १००० मीटरला वीस घोड्यांची हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी शर्यत) असेल तर गेट उघडताना एकाने दुसऱ्याला ढुशी दिली की सगळा अभ्यास पाण्यात. गाळा. निम्मे घोडे चार-पाच महिन्यांच्या सुट्टीवरून परतत असतील तर तीही गाळा. उरतात तीन-चार. त्यांना प्रत्येकी पाऊण तास द्या. आठही शर्यतींना दहा-दहा मिनिटं वाटली तर आठही ठिकाणी फेव्हरेटच (बाजाराचा सगळ्यांत आवडता, म्हणून सगळ्यांत कमी भावाचा घोडा) डोळ्यांत भरतो, कारण वरवर चाळणाऱ्या प्रत्येकाला तोच दिसलेला असतो आणि म्हणून तर तो फेव्हरेट झालेला असतो. तो साधारण तीनातली एक शर्यत जिंकतो. उरलेल्या दोन कशा ओळखायच्या, हा खरा प्रश्न.

माझा क्रम असा: अंतर, मैदान, वजन, ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा क्रमांक, १ सगळ्यांत आतला), पेस (शर्यतीची चाल मंद की वेगवान), आणि फॉर्म (मागच्या शर्यतींतले क्रमांक) अगदी शेवटी. फॉर्मच्या ओळीतला '४' आधी पाहिला की मन तिथेच अडकतं. चौथा आला म्हणजे पाऊण लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) की बारा लेंग्थने? किती वजन घेऊन? आजच्याच अंतरावर का? याची उत्तरं त्या आकड्यात नाहीत.

चर्चेसाठी एक काल्पनिक शर्यत घेऊ. १४०० मीटर, हँडिकॅप, एक वळण, आठ घोडे. क्रमांक, वजन, ड्रॉ आणि भाव (६/१ म्हणजे एक लावला आणि घोडा जिंकला तर सहा नफा):

१ : ६० किलो, ड्रॉ २, भाव ६/१. आघाडी घेऊन पळणारा. मागच्या वेळी १६०० ला शेवटच्या २०० मीटरपर्यंत पुढे, मग चौथा, ३ लेंग्थ मागे.
२ : ५९ किलो, ड्रॉ ७, भाव ८/१. १४० दिवसांनी परततोय.
३ : ५८ किलो, ड्रॉ ४, भाव २/१. मागची शर्यत जिंकलेला, फेव्हरेट.
४ : ५७ किलो, ड्रॉ ८, भाव १२/१. पहिल्यांदाच झापडं.
५ : ५५.५ किलो, ड्रॉ ६, भाव ३/१. मागच्या वेळी ३ च्या मागे दुसरा.
६ : ५४ किलो, ड्रॉ १, भाव ५/१. चारच शर्यती पळलेला.
७ : ५२ किलो, ड्रॉ ३, भाव २०/१. वर शिकाऊ जॉकी.
८ : ५० किलो, ड्रॉ ५, भाव ३३/१.

इथे मात्र वजनापासून सुरू करतो. ३ आणि ५ यांची गाठ २८ दिवसांपूर्वी याच अंतरावर पडली. ३ वर ५४ किलो होते, ५ वर ५६, आणि ३ दोन लेंग्थने जिंकला. आता ३ वर चार किलो वाढले, ५ चा अर्धा किलो उतरला. फरक पडला साडेचार किलोंचा. एका लेंग्थला किती वजन, हे अंतरावर ठरतं: १००० मीटरला दीड किलोच्या आत-बाहेर, १४००-१६०० ला एक किलोच्या आसपास, २४०० ला त्याहून कमी. म्हणजे हा फरक चार-साडेचार लेंग्थचा झाला. मागचे दोन लेंग्थ वजा केले तरी कागदावर ५ हा ३ च्या दोनेक लेंग्थ पुढे येतो. आणि बाजारात फेव्हरेट ३ आहे. घोडा जिंकला की लोकांच्या डोक्यात तो जिंकणाराच राहतो. चढलेलं वजन कुणी मोजत नाही.

गणिती_घोडा

मांडणी आवडली, पण वजनाचं गणित इतकं सरळ नाही. दोन लेंग्थने जिंकला तो अंगात असेल तेवढं पळून, की शेवटच्या पन्नास मीटरला जॉकीने हात सैल सोडून? हँडिकॅपमध्ये शहाणा जॉकी गरजेपेक्षा मोठ्या अंतराने जिंकवत नाही, कारण प्रत्येक जादा लेंग्थ पुढच्या वेळी वजन होऊन पाठीवर बसते. तेव्हा जिंकणाऱ्याचं अंतर हे 'कमीत कमी एवढं' असं वाचा. हरलेल्याचंही उलट्या बाजूने तसंच: संधी गेली म्हटल्यावर जॉकी घोड्याला उगाच रेटत नाही. आठ लेंग्थने हरलेला घोडा आठ लेंग्थने वाईट असेलच असं नाही.

म्हणून मी अंतरापेक्षा शेवटच्या ६०० ची वेळ बघतो. रीत सोपी. ६०० भागिले शेवटच्या ६०० ला लागलेले सेकंद, हा झाला शेवटचा वेग. पूर्ण अंतर भागिले पूर्ण वेळ, हा सरासरी वेग. पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभरने गुणा. शंभरच्या आसपास आलं तर पेस समतोल. चांगलंच वर गेलं तर सुरुवात रमतगमत झाली आणि सगळी शर्यत शेवटच्या दौडीवर ठरली. चांगलंच खाली आलं तर पुढचे आधीच जळून गेले होते. मात्र लांब चढाचा शेवट असलेल्या ट्रॅकवर हा आकडा खालीच येतो. तिथे त्याच ट्रॅकच्या इतर शर्यतींशी ताडून बघायचं.

धाग्यातल्या घोड्यांना आकडे देऊन दाखवतो. ३ ने १४०० मीटर ८४.० सेकंदांत काढले, त्यात शेवटचे ६०० ३४.८ मध्ये. ६००/३४.८ = १७.२४ मीटर, सरासरी १६.६७. टक्केवारी १०३.४. म्हणजे ती शर्यत बैलगाडीच्या चालीने सुरू झाली आणि ३ तेव्हा दुसऱ्या नंबरवर आरामात बसून होता. ५ सातव्या नंबरवरून आला. मंद पेसमध्ये मागून येऊन दोनच लेंग्थने हरणं हे जिंकणाऱ्यापेक्षा मोठं काम आहे.

आता १ बघा. १६०० मीटर ९६.६ मध्ये, त्यात शेवटचे ६०० ३७.८. म्हणजे ९५.८ टक्के. पहिले १००० मीटर ५८.८ सेकंदांत कापलेत. कुणीतरी बाजूने सतत टोचत होतं, त्याला दम घ्यायला मिळालाच नाही. चौथा आला यात नवल नाही, तीनच लेंग्थ मागे राहिला यात आहे.

वाचनमात्र

नवीन आहे, दोन बाळबोध प्रश्न. पेस आधी कळणार कसा? आणि ड्रॉ २ चांगला की ८, याचा काही नियम आहे का?

लगाम

@वाचनमात्र, पेस आधी कळतो, नव्वद टक्के नाही पण साठ टक्के. प्रत्येक घोड्याच्या मागच्या चार शर्यती काढा आणि पहिल्या ४०० मीटरला तो कितवा होता, एवढंच लिहा. चारातल्या तीन वेळा पहिला-दुसरा असेल तर त्याच्यापुढे 'आ' लिहा, मधल्या घोळक्यात असेल तर 'म', शेवटून असेल तर 'शे'. आपल्या शर्यतीत 'आ' एकच आहे, घोडा १. एकच आघाडीवाला असला की तो आपल्या मर्जीने वेग ठरवतो, वळणावर श्वास घेतो आणि सरळ पट्ट्यात नव्याने सुटतो. दोन असले तरी बऱ्याचदा एक माघार घेतो. तीन असले की तिघेही फुटतात आणि मागचा कुणीतरी आयता येतो.

५ ची अडचण हीच. वजनात तो सगळ्यांत सरस आहे, पण आजही पेस मंद राहिला तर मागच्या वेळचीच गत: शेवटी जोरात येणार आणि कमी पडणार. माझं मत १ कडे झुकतं ते यामुळे.

पाचवा_फर्लाँग

ड्रॉबद्दल. आकडा चांगला-वाईट नसतो; पहिल्या वळणापर्यंत किती अंतर आहे आणि वळण किती लांब आहे, त्यावर ठरतं. इंग्लंडमधला चेस्टरचा ट्रॅक जेमतेम मैलाचा, जवळजवळ सतत वळणारा. तिथे छोट्या अंतराला आतले आकडे सोन्याचे, बाहेरच्याला घोडा कितीही चांगला असला तरी फेऱ्याचा दंड भरावा लागतो.

हा दंड मोजता येतो. अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर रेलिंगपासून जितके मीटर बाहेर पळाल, त्याच्या ३.१४ पट जादा अंतर. वळणाची त्रिज्या काहीही असो, हे गुणोत्तर तेच. दोन मीटर बाहेर म्हणजे ६.३ मीटर जादा. लेंग्थ साधारण २.४ मीटरची धरली तर अडीच लेंग्थहून जास्त! वजनाच्या अर्ध्या किलोवरून डोकं खाजवणारे लोक हे बघतही नाहीत. मागच्या शर्यतीचं रेकॉर्डिंग लावा आणि तुमचा घोडा वळणावर रेलिंगपासून कितव्या रांगेत होता तेवढंच मोजा.

सरळ ट्रॅकवर मात्र हा हिशोब लागूच नाही. तिथे कोणत्या बाजूचं गवत घट्ट आहे आणि वेगवान घोडे कोणत्या बाजूला उभे आहेत, यावर आतला की बाहेरचा ते ठरतं. दिवसातल्या पहिल्या सरळ शर्यतीवर लक्ष ठेवा, बाकीच्यांचा अंदाज तिथून येतो.

दिशाही बघा. महालक्ष्मीला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पळतात, अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे उलट. काही घोडे एकाच बाजूच्या वळणावर नीट पाय बदलतात, दुसऱ्या बाजूला बाहेर फेकले जातात. नव्या ट्रॅकवर आलेल्या घोड्याच्या फॉर्ममध्ये हे शोधायचं.

पाऊसपाणी

मैदानावर अजून कुणी बोललं नाही, आणि रेसकार्ड सगळ्यांत जास्त खोटं पडतं ते तिथेच. कार्ड छापलं जातं तेव्हाचं मैदान आणि पाचव्या शर्यतीच्या वेळचं मैदान यांचा संबंध असेलच असं नाही.

मैदानाचा नरमपणा मोजणाऱ्या पेनिट्रोमीटरचा आकडा कसा वाचायचा ते सांगतो. एक किलोचं वजन एक मीटरवरून सोडतात, दांडा जमिनीत किती सेंटीमीटर घुसला ते मोजतात, आणि ट्रॅकभर अनेक ठिकाणी घेतलेल्या मोजण्यांची सरासरी देतात. आकडा मोठा म्हणजे मैदान नरम. पण ती सरासरी आहे! वळणावर ४ आणि सरळ पट्ट्यात ३ असेल तरी कार्डावर मधलाच आकडा येणार. ऑस्ट्रेलियात १ ते १० ची पट्टी आहे, १-२ कडक, ३-४ चांगलं, ५ ते ७ नरम, ८ ते १० चिखल. ब्रिटनमध्ये आकडाही देतात, पण लोक शब्दांनीच बोलतात. एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या पट्टीवर ठेवू नका, लोक सर्रास ठेवतात.

कोणत्या घोड्याला काय मानवतं, हे फॉर्ममध्ये सापडलं नाही तर चालीत सापडतं. गुडघा उंच उचलून टाप आपटत पळणाऱ्याला नरम जमीन चालते. जमिनीलगत लांब फेक टाकत जाणारा घोडा घट्ट मैदानावर तरंगतो आणि चिखलात त्याचे पाय सरकतात. ढोबळ ठोकताळा आहे, अपवाद भरपूर, पण काहीच हाती नसण्यापेक्षा बरा.

आणि रेलिंग. गवत वाचवायला आतली रेलिंग बाहेर सरकवतात. हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत तर प्रत्येक जागेला ए, बी, सी अशी नावं आहेत. रेलिंग तीन मीटर सरकली तर अर्धवर्तुळात नऊ-साडेनऊ मीटरने वाट लांबते (हिशोब पाचवा_फर्लाँग यांचाच). म्हणजे त्या दिवशीची वेळ दीडेक आठवड्यापूर्वीच्या वेळेशी ताडून बघण्यात अर्थ नाही. शिवाय रेलिंगलगतची पट्टी ताजी, न तुडवलेली असते. आघाडीवर पळणाऱ्याला तीच मिळते.

नालबंद

लोकहो, हे सगळं कागदावरचं. घोडा पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात) येतो तेव्हा दहा मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघा. मात्र काय बघायचं हे ठाऊक नसेल तर बघूच नका, कारण धिप्पाड देखणा घोडाच प्रत्येकाला आवडतो आणि धिप्पाडपणाचा वेगाशी काडीचा संबंध नाही.

घाम: मानेवर थोडा चालतो, उकाडा असेल तर जास्तही. मागच्या दोन पायांच्या मधोमध पांढरा फेस दिसला तर घोडा शर्यतीआधीच शर्यत पळून बसलाय. पण या घोड्याला नेहमीच घाम येतो का, ते माहीत हवं. नेहमी फेसाळणारा आज कोरडा असेल तर तीही बातमी आहे.

चाल: मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर किंवा तिच्याही पुढे पडला पाहिजे. मागचा पाय आखूड पडत असेल तर पाठीत किंवा कंबरेत काहीतरी दुखतंय.

पोट: सुट्टीवरून आलेला घोडा बघताना शेवटच्या बरगड्या बघा. तयार घोड्याच्या दोन-तीन पुसट दिसतात. एकही दिसत नसेल आणि पोटाखालची रेषा सरळ असेल तर त्याला अजून एक शर्यत हवी आहे. क्रमांक २ बद्दलचा प्रश्न इथेच सुटेल, १४० दिवसांच्या आकड्याने नाही.

किती माणसं धरून आणतात: एरवी एक मोतद्दार पुरतो आणि आज दोघं लटकलेत म्हणजे घोडा बिथरलाय. शेपूट सतत आपटणं, कान मागे चिकटलेले, हीही तीच भाषा.

मग स्टार्टकडे जाताना बघा. जॉकी लगामाशी झगडत असेल आणि घोडा तोंड वर करून ओढत असेल, तर पहिले ४०० मीटर तो तेच करणार.

गिअरचंही (घोड्याच्या साजाचंही) कार्डावर असतं, वाचत चला. झापडं म्हणजे घोड्याला मागचं-बाजूचं दिसू नये म्हणून. लक्ष भटकणारा घोडा त्याने सरळ होतो, बुजरा घोडा मात्र घाबरून उधळतो. गुण येतो तो बहुतेक पहिल्या एक-दोन वेळांतच, पुढे घोडा सरावतो. जीभ बांधलेली असेल तर श्वासाचा त्रास असण्याची शक्यता धरा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही कार्डावर जाहीर करावं लागतं.

शंकासुर

नालबंद यांनी झापडांचं लिहिलं आणि कुणी पुढचा विचारच केला नाही. क्रमांक ४ ला पहिल्यांदा झापडं लागतायत. ड्रॉ ८, सगळ्यांत बाहेर. झापडं लावलेला घोडा गेटमधून उसळतो, आणि बाहेरच्या गेटवाल्या जॉकीपुढे दोनच वाटा: वळणावर चार रांगा बाहेर राहून दंड भरायचा, किंवा आधीच पुढे काढून आत शिरायचं. मग लगाम यांचा 'एकच आघाडीवाला' राहतो कुठे? ४ जिंकणार नाही कदाचित, पण १ ला मारून जाईल.

याचं आरशासारखं उदाहरण अमेरिकेतल्या १९७३ च्या बेलमाँट स्टेक्स शर्यतीचं. सेक्रेटेरिएट आणि शॅम हे दोन घोडेच पुढे होते, पहिले सहा फर्लाँग (साधारण १२०० मीटर) १ मिनिट ९.८ सेकंदांत गेले, आणि शर्यत होती बारा फर्लाँगची! सेक्रेटेरिएट २ मिनिटं २४ सेकंदांत ३१ लेंग्थने जिंकला, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या बरोबरीने गेलेला शॅम पाच घोड्यांत शेवटचा आला, ते लक्षात ठेवायचं. आपल्या शर्यतीतला १ हा सेक्रेटेरिएट नाही, त्याचा शॅम व्हायला वेळ लागणार नाही.

गणिती_घोडा

शंकासुर, नावाला जागलात. मुद्दा बिनतोड आहे. आणि त्याच बेलमाँटचा आणखी एक धडा: सेक्रेटेरिएटवर लावलेल्या २ डॉलरचे मिळाले २ डॉलर २० सेंट. अंदाज शंभर टक्के बरोबर, कमाई लावलेल्याच्या दहावा हिस्सा. म्हणून 'कोण जिंकेल' एवढ्यावर थांबलेलं मत अर्धंच.

भावाचं गणित मांडतो. ६/१ म्हणजे सातात एक, १४.३ टक्के. ३/१ म्हणजे चारात एक, २५. धाग्यातले आठही भाव असे बदलून बेरीज करा: ३३.३ + २५ + १६.७ + १४.३ + ११.१ + ७.७ + ४.८ + २.९ = ११५.८. शंभराच्या वरचे १५.८ हा बुकीचा कट. प्रत्येक आकड्याला ११५.८ ने भागून शंभरने गुणलं की बाजाराचं खरं मत उरतं. ३ ला २८.८, ५ ला २१.६, ६ ला १४.४, १ ला १२.३.

वाचनमात्र

आणि आपले टक्के कुठून आणायचे? हवेतून?

गणिती_घोडा

सुरुवातीला थोडे हवेतूनच, पण एका शिस्तीने. आठही घोड्यांना टक्के द्यायचे आणि बेरीज १०० च आली पाहिजे. आवडत्या घोड्याला वाढवलं की दुसऱ्या कुणाचे तरी काढावे लागतात, तिथे डोकं ठिकाणावर येतं. शंकासुर यांच्या हरकतीआधीचे माझे आकडे: ५ ला २४, १ ला २३, ३ ला २०, ६ ला १३, २ ला ८, ४ ला ६, ७ ला ४, ८ ला २. झाले शंभर.

आता प्रत्येकाचा रास्त भाव काढा. ५ ला २४ टक्के म्हणजे तीन-एकच्या किंचित वर, बाजार देतोय ३/१. फायदा नाही. ३ ला २० टक्के म्हणजे ४/१ हवा, मिळतोय २/१. हात लावू नका. १ ला २३ टक्के म्हणजे साडेतीन-एकसुद्धा पुरे, मिळतोय ६/१. सगळ्यांत जास्त शक्यता ५ ची आणि घ्यायचा मात्र १, हे ज्याला पटलं त्याला अर्धी रेस कळली.

तरी स्वतःच्या आकड्यांवर आंधळा विश्वास नको. हाँगकाँगला संगणकी मॉडेलवर रेस खेळलेल्या बिल बेंटरच्या पद्धतीचं मर्म हेच की मॉडेलच्या अंदाजात बाजाराचा भावही मिसळायचा, कारण बाजाराला असं काहीतरी माहीत असतं जे कागदावर नाही. घरगुती रीत म्हणून अर्धं-अर्धं करा: माझे २३, बाजाराचे १२.३, मध्य १७.७. रास्त भाव पावणेपाच-एकच्या आत. ६/१ अजूनही परवडतो.

पण शंकासुर यांची हरकत धरली तर १ चे २३ उतरून १७ वर येतात. बाजाराशी मध्य काढला की १४.७. रास्त भाव ५.८/१. मिळतोय ६/१. राहिला काय, तर खडखडाट.

किती लावायचं त्याचंही सूत्र आहे, 'केली' नावाचं. भाव गुणिले शक्यता, वजा हरण्याची शक्यता, भागिले भाव. २३ टक्के खरे धरले तर (६ × ०.२३ − ०.७७) / ६ = गाठीच्या पैशांच्या १० टक्के. १७ खरे धरले तर ३. एका झापडाने एवढा फरक! आणि आपले टक्के चुकीचे असतातच, म्हणून सूत्र सांगेल त्याचा चौथा हिस्सा. शंभर एकक बाजूला काढले असतील तर अडीच किंवा पाऊण. ते शंभर गेले तरी कुठे अडणार नाही असेच हवेत, हे वेगळं सांगायला नको.

नालबंद

७ वरच्या शिकाऊ जॉकीचं राहिलं. शिकाऊंना सूट असते, ब्रिटनमध्ये अनुभवाप्रमाणे ७, ५ किंवा ३ पौंड. कार्डावरचं ५२ सूट वजा करून आहे की आधीचं, हे तपासा. दोन पुस्तकांत दोन पद्धती असतात. सूट घेण्यासारखी केव्हा? लांब शर्यतीत, सरळ स्वभावाच्या, पुढे पळणाऱ्या घोड्यावर. मागून गर्दीतून वाट काढायची असेल तर तीन किलोंची सूट एका चुकीच्या निर्णयात जाते. ७ हा 'शे' गटातला असेल तर सूट विसरा.

पाचवा_फर्लाँग

६ बद्दल कुणीच बोलत नाहीये. ड्रॉ १, ५४ किलो, चारच शर्यती. असा घोडा हँडिकॅपरलाही (वजनं ठरवणाऱ्यालाही) पुरता उमगलेला नसतो, वजन बांधलंय ते अर्ध्या माहितीवर. पेस मंद असेल तर १ च्या पाठीला रेलिंगलगत बसणारा तोच. धोका एकच: आतून कोंडला तर वाट मिळणार नाही. माझ्याकडून ६ ला १६ टक्के, क्रमांक ३ चे तीन टक्के काढून.

शंकासुर

+१. आणि ४ बद्दल आणखी: झापडं लागली म्हणजे पुढे पळणारच असं नाही, हे माझ्याच विरोधात सांगतो. ट्रायल किंवा मॉक रेस (सरावाची शर्यत) झाली असेल तर त्यात झापडं होती का आणि गेटमधून कसा निघाला, ते बघा. जॉकी बदललाय का? एरवी मागून घोडे आणणारा जॉकी काढून आघाडीच्या पळण्यासाठी ओळखला जाणारा बसवला असेल तर इरादा स्पष्ट आहे.

लगाम

सगळ्यांचे आभार, शंकासुरांचे विशेष. माझ्या मूळ मतात भोक होतं.

आता सकाळचं काम. आदल्या रात्रीचं मत सकाळी जसंच्या तसं वापरायचं नाही. आधी माघारी बघायच्या, मग मैदान, मग जॉकीबदल, मग गिअर.

माघारीचं महत्त्व पाहायचं तर २०२२ ची केंटकी डर्बी. रिच स्ट्राइक हा घोडा राखीव यादीत होता. आदल्या दिवशी एका घोड्याने माघार घेतली म्हणून तो पळणाऱ्या वीसात आला. शर्यतीतला पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत गेला, डर्बीच्या इतिहासातला सगळ्यांत वेगवान. पुढचे सगळे पोळले आणि अठराव्या नंबरवरून आलेला रिच स्ट्राइक ८०/१ ने जिंकला. आदल्या रात्री त्याचं नाव सांगणं कुणाला जमलं नसतं. पण पुढे पळणारे फार झालेत, शेवटून येणारा एखादा हाती असू द्या, एवढं कार्डावर वाचता येत होतं.

आपल्या शर्यतीत सकाळी ४ ने माघार घेतली असं धरा. तो १२/१ चा घोडा. बाजाराच्या लेखी साडेसहा-सात टक्क्यांची वाटणी, ती बाकीच्या सातांत वाटून मोकळे. १ चा भाव ६/१ वरून फार तर साडेपाच-एक होईल. पण पेसच्या लेखी १ चा एकुलता एक वैरी गेला. गणिती_घोडा यांचे टक्के १७ वरून परत २३ वर, वर थोडे आणखी. बाजार किरकोळ समजेल अशी ही माघार दिवसातली सगळ्यांत मोठी बातमी असू शकते, आणि ती कार्डावरच्या एका खोडलेल्या ओळीत असते.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. आणि ४ ने माघार घेतलीच नाही तर?

लगाम

मग पॅडॉकमध्ये ४ ला बघायचं. झापडं लावल्यावर शांत चालत असेल तर १ घ्यायला हरकत नाही, पाऊण एकक. दोघांना आवरत नसेल तर ६/१ वर हात नाही. शेवटच्या पाच मिनिटांत १ चा भाव ८/१ झाला तर विचार करा, नाहीतर ही शर्यतही गाळलेल्यांच्या यादीत.